चौथी मोटार

मोठं इंजिन परळीपर्यंत येतं,
सहा आसांचं, रुबाबाचं,
तेलंगणातला कोळसा ओढत.
यार्डात गाडी सोडून निघून जातं.
पुढची वाट त्याच्यानं होत नाही.
थर्मलच्या फाट्यावरचं वळण एवढं आवळ,
की एकदा हट्टानं आत घातलं होतं त्याला,
तर मधल्या चाकांनी रूळ किंचाळवला
आणि पाच चाव्या उडून बाभळीत पडल्या.

तिथून पुढं आमचं.
चार आसांचं. दोन बोग्या, दोन-दोन मोटारी,
लांबीला आखूड, नाकाला बसकं,
कंबरेत लवणारं.
मुनीर पठाण त्याला बोकड म्हणायचा.
टेंडरात नाव वेगळं होतं, दीड ओळीचं.

नवीन आलं तेव्हा विश्वंभर फडनं मला समजावलं,
बशीतल्या चहात बोट बुडवून फरशीवर आकृती काढत:
बघ, डिझेल चाकाला हातसुद्धा लावत नाही.
डिझेल फिरवतं जनित्र, जनित्र देतं वीज,
ती तारेतून खाली उतरते आसापाशी,
मग कुठं चाक हलतं.
म्हणजे घरातच केली अन् घरातच खाल्ली?
तो हसला. अंधारात हसला,
कारण तेवढ्यात भारनियमन झालं होतं,
चिमणीपासून हाकेच्या अंतरावर.

मी ब्रशवाला.
खड्ड्यात उतरायचं, झाकण उघडायचं,
कार्बनचा ठोकळा बोटानं दाबून बघायचा,
स्प्रिंग जिवंत आहे का,
तांब्यावर काळा डाग पडलाय का.
बाहेर कोळसा, आत कोळसा.
तीस वर्षं माझा घाम पांढरा सुकला नाही.

पौषातल्या पहाटे रुळांवर दव आणि राखेची साय धरायची,
चाकं जागच्या जागी फिरायची.
मुनीर वाळू सोडायचा, गंगाखेडची, भट्टीत वाळवलेली,
लग्नातल्या अक्षतांसारखी जपून.
त्या मोठ्याला सहा पायांचा जोर, म्हणायचा,
आपल्याला चारच.
म्हणून दाबायचं नाही. विचारायचं.
आणि खरंच विचारायचा:
एक नॉच, थांब. दुसरा नॉच, थांब.
एकोणतीस डबे एकामागं एक जागे व्हायचे,
खणखण पार शेवटाला जायची,
शेवटच्या डब्याखाली निजलेलं कुत्रं
शिव्या देत बाहेर पडायचं.

आमच्या भाषेत आस दोन आहेत.
तो आस, लोखंडाचा, ज्याला ग्रीस लागतं.
ती आस,
तिला काय लागतं ते मॅन्युअलमध्ये नव्हतं.

चौथी मोटार जळाली त्या रात्री
विश्वंभर अंबाजोगाईला दवाखान्यात होता, नळ्या लावलेला.
नव्या मोटारीचं टेंडर निघालं. निघतच राहिलं.
मुनीरनं कटआउटची मूठ फिरवली
अन् बोकड तिघींवर निघाला.
चौथा आस फिरायचा, पण नुसता,
बाकीचे ओढतात म्हणून.

विश्वंभरचा कप खिळ्यालाच राहिला.
मी, मुनीर, गोरोबा सांधेवाला:
चहा आम्ही तीन सांगायचो,
टपरीवरचं पोरगं चार आणायचं.
दोन वर्षं आणत होतं. आम्ही काही बोललो नाही,
पैसे चाराचेच दिले.

पुढं धरण आटलं.
वाफ करायला पाणी नाही, संच बंद.
कोळसा यायचा थांबला.
बोकडाच्या टपावर पारव्यांनी काड्या रचल्या.
मग लिलाव झाला, वजनावर.

न्यायला तेच सहा आसांचं आलं.
वळणाच्या अलीकडं उभं राहिलं,
दोन रिकामे डबे हातासारखे पुढं करून.

ओढून नेण्याआधी ब्रश काढावे लागतात,
नाहीतर मेलेली मोटारसुद्धा फिरता फिरता
वीज करायला बघते.
मी खड्ड्यात उतरलो.
पहिली झाली. दुसरी. तिसरी.
चौथीत ब्रश नव्हतेच, मीच काढलेले.
तरी झाकण उघडलं,
एकेक स्प्रिंग दाबून पाहिली.

वरून मुनीरची हाक आली, झालं का रे?
म्हणलं, थांब,
एक राहिलीय.